मोटारीचा ठसका : एका ठिणगीचा इतिहास



इतिहास म्हटला की गड, तह, लढाया, आणि फार झाले तर एखाद्या संस्थेची स्थापना, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वसंतातल्या संध्याकाळी मोटारीच्या बिघाडावर बोलायला उभा राहिलेला माणूस पाहून आपणांपैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील, त्या मला इथून दिसत आहेत. परंतु जुनी मोटार चालता चालता ठसके देऊ लागते, चार घोड्यांपैकी एक मध्येच लंगडावा तशी लंगडते, आणि गॅरेजातला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधीच म्हणतो, ‘मिस मारतेय’; त्या दोन शब्दांमागे दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यातला काही भाग परदेशात घडला आणि काही आपल्या अंगणात, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात आणि मुळशीच्या रस्त्यावर.

‘मिस’ हा शब्द मोटारीचा नव्हे, बंदुकीचा आहे. चाप ओढला आणि बार उडाला नाही, म्हणजे मिसफायर. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीला ही व्याधी पुरेपूर होती. जळता तोडा कानातल्या रंजकाला टेकायचा, रंजक पेटून आतली दारू पेटायची. तोडा भिजला, रंजक सर्दले, की हातातले शस्त्र आणि काठी यांत काठीच बरी. मुळशीच्या मावळात आषाढ-श्रावणात जो पाऊस कोसळतो तो ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना मराठी फौजा पावसाळा छावणीत काढून दसऱ्याला सीमोल्लंघन का करीत हे वेगळे सांगायला नको. नद्यांचे पूर आणि चाऱ्याचा प्रश्न ही मोठी कारणे खरीच. पण ओली दारू हेही एक कारण होतेच. इंधन तयार आहे, नळी तयार आहे, माणूस तयार आहे, आणि ऐन वेळी विस्तव पोचत नाही. मोटारीच्या ठसक्याचे स्वरूप याहून फार निराळे नाही.

विस्तवाऐवजी विजेची ठिणगी वापरण्याची कल्पना व्होल्टाची. ज्याच्या नावाने आपण विजेचा दाब मोजतो तोच हा इटालियन पदार्थवैज्ञानिक. १७७६ साली त्याने सरोवराकाठच्या दलदलीतून निघणारा ज्वालाग्राही वायू ओळखला, आणि पुढच्याच वर्षी बंद नळीत हवा व तो वायू भरून विजेच्या ठिणगीने बार उडवणारे पिस्तूल बनवले. कोमोहून तार टाकून मिलानमध्ये बार काढता येईल, असेही त्याने लिहून ठेवले आहे. तार टाकली गेली नाही. पण बंद नळी, हवा, इंधन आणि ठिणगी हे मोटार-इंजिनाचे चारही घटक त्या खेळण्यात होते.

१८६० साली लन्वारने पॅरिसमध्ये वायूवर चालणारे इंजिन केले, त्यात ठिणगीसाठी रुमकॉर्फची कॉइल वापरली. या कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला की बारीक तारेत प्रचंड दाब उत्पन्न होतो. ‘एकदम’ हा शब्द इथे महत्त्वाचा. प्रवाह रेंगाळत तुटला तर ठिणगी पडायची तिथे पडत नाही, उलट तोडणारे टोक मात्र जळते. त्यावर फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ साली उपाय सुचवला : त्या टोकांना समांतर एक कंडेन्सर जोडा. मुंबईच्या टॅक्सीच्या डिस्ट्रिब्युटरला स्क्रूने बसवलेली बोटाच्या पेराएवढी डबी, ती फिझोची. प्रकाशाचा वेग मोजणाऱ्या माणसाची एक वस्तू आपल्या टॅक्सीवाल्यांनी किती पिढ्या हाताळली, याचा विचार केला म्हणजे गंमत वाटते.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचा सगळ्यांत मोठा घोर इंजिनाचा नव्हता, ठिणगीचा होता. डाइमलर त्या वाटेला गेलाच नाही; त्याने बर्नरने लाल केलेली नळी सिलिंडरला जोडली. ती चाले, पण पेट्रोलच्या टाकीशेजारी उघडी ज्योत घेऊन प्रवास करायचा! १८८८च्या ऑगस्टमध्ये बेंझच्या पत्नीने, बर्था बेंझने, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास केला. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ठिणगीच्या तारेचे आवरण घासून गेले होते तिथे मोजाबंद गुंडाळला, असे सांगतात. ही हकीकत सगळे कौतुकाने सांगतात, पण तिच्यातला खरा मुद्दा सुटतो. मोटारीच्या ठसक्याची दोन घराणी आहेत, इंधनाचे आणि ठिणगीचे, आणि या बाईने पहिल्याच मोठ्या प्रवासात दोन्ही घराण्यांचा एकेक रोग ओळखून रस्त्यातच बरा केला. मोटारीच्या निदानशास्त्राची सुरुवात कुणापासून मानायची, तर मी बर्थाबाईंपासून मानीन.

नंतर रॉबर्ट बॉशचे नाव येते. १८८७ साली त्याने एका जागी उभ्या असलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. दहा वर्षांनी फ्रेडरिक सिम्सने तोच मॅग्नेटो आपल्या तीनचाकी दि दिआँ गाडीला बसवून मागितला, तेव्हा पंचाईत झाली. उभे इंजिन मिनिटाला काही शे फेरे घेई. हे छोटे इंजिन हजाराच्या वर जाई. मॅग्नेटोचा जड गाभा तितक्या वेगाने मागेपुढे हलेना. युक्ती काढली बॉशच्या कारखान्यातल्या त्सेरिंगर नावाच्या फोरमनने : जड गाभा स्थिर ठेवायचा, आणि त्याच्याभोवती एक हलकी पत्र्याची बाही तेवढी हलवायची. १९०२ साली होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला. अमेरिकेत केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची मांडणी केली, ती १९१०च्या कॅडिलॅकवर आली, आणि थोड्याफार फरकाने तीच मांडणी पाऊणशे वर्षे जगभर चालली. बॉश आणि केटरिंग यांची चरित्रे आहेत. त्सेरिंगरचे नाव कळते तेही बॉशच्या चरित्रात शिरून शोधले तर.

आता थोडा हिशेब करू. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर दर फेऱ्याला दोन, म्हणजे मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या पडायला हव्यात. त्यांतली प्रत्येक सहा किंवा बारा व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्टपर्यंत चढवलेली, नेमक्या क्षणी, नेमक्या सिलिंडरात. आणि हे सगळे घडवतात कोण, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उघडझाप करणारे दोन पॉइंट! यात बिघाड होतो याचे नवल नसून तो इतका क्वचित होतो याचेच नवल आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळू. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि १९४७ साली कुर्ल्याहून पहिली गाडी बाहेर पडली. १९५३-५४ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवले की जो इथे सुटे भाग बनवील त्यानेच गाड्या जुळवाव्यात. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याला फियाट ११०० राहिली. तिलाच पुढे सत्तरीच्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि ती शतक संपेपर्यंत मोठ्या फेरफाराविना बनत राहिली. तिकडे कलकत्त्याची अॅम्बॅसडर होती, आणि महिंद्रांची जीप. प्लगसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये म्हणून बंगळुरात १९५१ साली मायको निघाली.

या धोरणाबद्दल अर्थशास्त्रज्ञ भांडतात, भांडोत. मला त्याची वेगळीच बाजू दिसते. गाडी नोंदवल्यावर वर्षानुवर्षे थांबायचे, आणि मिळाली की ती वीस-पंचवीस वर्षे चालवायची, असा ज्या समाजाचा रिवाज, तिथे दुरुस्तीची विद्या वाढणारच. शिवाय तीस-चाळीस वर्षे तेच इंजिन! वैद्याला जन्मभर एकाच प्रकृतीचे रोगी मिळावेत तसे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वाहनांवर हात बसलेली माणसे परत आली, युद्धानंतर जुन्या जीपा लिलावात निघाल्या, १९५०नंतर सरकारी प्रशिक्षण योजनेतून आय.टी.आय.ची मुले येऊ लागली. पण बहुतेकांचे शिक्षण झाले ते उस्तादाच्या शिव्या खात, पाने पुसत, डिझेलमध्ये हात बुडवून. त्या विद्येचा ग्रंथ कुणी लिहिला नाही. लिहिला असता तर त्यात परीक्षेचे केंद्र म्हणून पुणे-पौड-ताम्हिणी या रस्त्याचे नाव आले असते असे मला वाटते.

कारण हा रस्ता गाडीला एकामागून एक प्रश्न विचारतो. पुण्यात वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस. भूगाव, पिरंगुट, पौड करीत मुळशीच्या धरणाकाठी यावे तो त्याच्या कित्येक पट. पिरंगुटला चढ, पौडनंतर खेड्यांतली थांबत-सुटत वाट, धरणाच्या काठाने लांबच लांब वळणे, आणि मग ताम्हिणीचा घाट उतरून माणगाव. शहरात गुणी वाटणारी गाडी इथे पितळ उघडे पाडते.

जुन्या मिस्त्रीची पहिली तपासणी साधी होती. इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढायची. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनाचा आवाज पडतो. ज्याची काढून काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच मेलेला. मग त्याचा प्लग शेजाऱ्याला द्यायचा. रोग प्लगबरोबर गेला तर प्लग दोषी, तिथेच राहिला तर पुढे पाहायचे. प्लगचा रंगही बोलतो : काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, तेलकट असेल तर रिंग गेल्या. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम गेले असतील तर दोहोंमधले हेड गॅस्केट जळाले असण्याचा संभव फार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला कणा.

परंतु एक फसवी तपासणी सर्रास चालत असे, अजूनही चालते. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, स्टार्टर मारायचा, आणि निळी ठिणगी दिसली की म्हणायचे, करंट झकास आहे. ही ठिणगी उघड्या हवेत पडलेली असते. सिलिंडरात हवा दाबलेली असते, आणि जितकी हवा दाबलेली तितका ठिणगीला जास्त विजेचा दाब लागतो. पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली याचा नियम मांडला. म्हणून अशक्त कॉइलची गाडी उभ्याने गोड गुरगुरते, सपाटीला चालते, आणि पिरंगुटच्या चढावर पाय दाबला, सिलिंडरात हवा भरभरून आली, की ठसके देते. टॅक्स्या सीएनजीवर गेल्या तेव्हाही असेच झाले. वायूला ठिणगी जास्त जोराची लागते. पेट्रोलवर वर्षभर झाकून राहिलेली प्लगची किंवा वायरची उणीव एका दिवसात उघड्यावर आली, आणि मालकांनी दोष वायूला दिला.

पावसाळ्यातला रोग वेगळा. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला केसासारखी चीर असते. तिच्यात ओल आणि धूळ बसून ठिणगीला आडवाट मिळते. धरणाच्या काठी धुक्यात बंद पडलेली गाडी पौडच्या उन्हात सुरू होते, आणि गॅरेजात पोचेपर्यंत खणखणीत बरी. वैशाखात याच्या उलट : घाट चढताना पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलत बसतो, आणि ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून वारा घालीत उभा राहतो. ओले फडके एका ऋतूत औषध आणि दुसऱ्यात विष, हे पुस्तकात वाचून पटत नाही.

हटून बसलेला ठसका कसा असतो याचे एकच उदाहरण घेतो, आणि ते सावकाश घेतो. समजा, पेट्रोलवर चालणारी एक जुनी अॅम्बॅसडर आहे. मालकाने प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा उघडून जेट फुंकले. ठसका जात नाही. तो मिस्त्रीला सांगतो, ‘मास्तर, चढाला गाडी उत्तम ओढते, आणि धरणाच्या काठाने सपाटीला, हलक्या पायाने चालवली की मिस मारते.’ दहांपैकी नऊ जण हे वाक्य कानाआड करतील, कारण ते उलटे वाटते. दहावा त्यावरच थांबेल. पेट्रोल कमी पडत असते तर चढावर आधी कळले असते. कॉइल अशक्त असती तर तीही चढावरच हरली असती. मग सपाटीला असे काय घडते की जे चढावर घडत नाही? पाय हलका असला की इंजिनाच्या ओढीने कार्बोरेटरपाशी निर्वात वाढतो. तो निर्वात एका बारीक नळीने डिस्ट्रिब्युटरच्या पडद्याला ओढतो, आणि पॉइंट जिच्यावर बसवले आहेत ती पाटी किंचित फिरते, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडावी. पाय पुरता दाबला की निर्वात जातो, पाटी जागेवर येते. गॅरेजात उभी गाडी मंद चालत असते तेव्हाही पाटी जागेवरच. तेव्हा पाटी फिरली की काहीतरी तुटते. मिस्त्री ती नळी कार्बोरेटरपासून काढतो, तोंडात धरतो आणि ओढतो. इंजिन खोकते. सोडतो, इंजिन सुरळीत. पाटीला जोडलेली सुतळीएवढी लवचिक वायर बाहेरून साबूत असते आणि आतून तुटलेली. पाटी जागेवर असली की तुटलेली टोके भेटतात, फिरली की दुरावतात. बदललेल्या भागांपैकी एकही नासका नव्हता.

या तपासणीला लागते काय, तर एक तोंड आणि रोग्याची हकीकत पुरी ऐकून घेण्याचा धीर. जुन्या मिस्त्रींचे गोडवे गाताना आपण म्हणतो की त्यांचा कान दैवी होता. मला ते पटत नाही. कान होताच, पण अंदाजाने भाग बदलत सुटणारे तेव्हाही पुष्कळ होते, आणि टॅक्सीवाल्याचे दोन-दोन दिवस त्यात बुडत. टॅक्सी उभी म्हणजे घरातली चूल अर्धी. चांगल्या मिस्त्रीला लोक मान देत तो या हिशेबाने देत. ज्यांचा खरोखर लौकिक होता ते प्रश्न विचारणारे होते : गरम झाल्यावर की थंड असताना? चढाला की उताराला? पाऊस होता का? टाकी कुठे भरली?

टाकीचा प्रश्न अलीकडे पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. १९२१ हे साल आपल्याला मुळशीच्या सत्याग्रहाचे म्हणून ठाऊक. त्या वर्षी १६ एप्रिलला रामनवमीच्या दिवशी टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातले शेतकरी जमिनीवर ठाण मांडून बसले, आणि पुढे सेनापती बापटांनी तो लढा चालवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिकडे केटरिंगच्या हाताखालच्या मिजलीने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून इंजिनाची ठोठो थांबवली. ठोठो थांबली, पण शिशाची पुटे प्लगवर बसू लागली, आणि माणसांच्या रक्तात गेली ती निराळीच. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा मऊ बैठकीच्या जुन्या इंजिनांचे व्हॉल्व्ह झिजू लागले. तोही ठसकाच, पण प्लग बदलून न जाणारा. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळू लागले, २०२२ साली देशभर ते दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीसवर. उसाच्या मुलखाला हे सोयीचेच. पण इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर खाते, आणि त्याच्यात प्राणवायू असल्याने जुन्या जेटच्या मापाने मिश्रण विरळ पडते. महिनोन्‌महिने उभी राहणारी हौशी माणसाची पद्मिनी पहिल्या पावसात ठसके देते, त्याचे मूळ पुष्कळदा टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात असते.

एव्हाना नव्या गाड्यांचे काय, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. १ एप्रिल २०००च्या धूरनियमांनंतर कार्बोरेटर आणि पॉइंट हळूहळू गेले. अमेरिकेने १९९६पासून प्रत्येक मोटारीला स्वतःचा ठसका स्वतः ओळखणे सक्तीचे केले. आपल्याकडे ही यंत्रणा २०१०नंतर टप्प्याटप्प्याने आली. तिची युक्ती ऐकण्यासारखी आहे. क्रँकच्या टोकाला दातेरी चाक असते. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँक थोडा वेग घेतो. एक स्फोट चुकला की त्याची गती क्षणभर मंदावते, आणि संगणक ते दाते मोजून टिपतो. मिस्त्री वायर काढून कानाने जे ऐकत होता तेच हे, फक्त सेकंदाच्या अंशात आणि न थकता. ही सक्ती आली ती चालकाच्या सुखासाठी नव्हे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या शुद्धीकरणाच्या भांड्यात जाऊन जळते आणि ते भांडेच वितळवते, आणि हवेत विष जाते. आमच्या लाडक्या जुन्या गाड्या हे विष कित्येक वर्षे बिनदिक्कत ओकत होत्या, हे प्रेमापोटी विसरून चालणार नाही.

मात्र संगणक ‘पी ०३०२’ एवढेच म्हणतो : दुसरा सिलिंडर चुकतो आहे. का चुकतो हे तो सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, गॅस्केट, तुटकी वायर, पाचसहा संशयित तसेच उभे असतात. कॉइल दुसऱ्या सिलिंडरातून काढून तिसऱ्यात घालावी आणि अंक ‘०३०३’ होतो का ते पाहावे, ही तपासणी फुकट आहे, आणि ती त्या जुन्या प्लगच्या अदलाबदलीचीच नात आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी अंक दिसला की हजारो रुपयांची नवी कॉइल प्रथम बसते.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस संपली. ज्या मिस्त्रींनी तिच्यावर हयात घालवली त्यांतले काही निवृत्त झाले, काही सीएनजी रिक्षांकडे वळले. हौशी मंडळी पॉइंट काढून त्या जागी चुंबकी यंत्रणा बसवतात, म्हणजे झिजणारे काही उरत नाही. आणि जे मूळची मांडणीच राखू पाहतात त्यांना नवा कंडेन्सर विकत घेऊन आधी तपासून पाहावा लागतो, कारण खोक्यातून निघालेला नवाच नासका निघतो.

कोथरूडला टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली मोटार-संशोधन संस्था आहे; तिच्या पायथ्यापासून फार लांब नाही तोच पौड रस्ता. पावसाळ्यात शनिवारी-रविवारी त्या रस्त्याने धबधबे पाहायला गाड्यांची रांग लागते. नव्या गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, आणि प्लग खोल विहिरीसारख्या भोकात बसवलेला असतो. इंजिन वरून पाण्याच्या जोराने धुतले, किंवा रस्त्यावरच्या डबक्यातून वेगाने गाडी घातली, आणि रबराची टोपी सैल असली, की त्या विहिरीत पाणी उतरते. ताम्हिणीच्या वळणावर पुढच्या फळीवर पिवळा दिवा लुकलुकू लागतो, गाडी लंगडते, आणि रांगेतल्या मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. मालेच्या पुढे एखादा मोटारसायकल दुरुस्त करणारा पोरगा भेटलाच, तर तो कॉइल उपसतो, हवेचा पाइप विहिरीत सोडतो, फडके फिरवतो, आणि सांगतो की आता एंजिन जरा गरम होऊ द्या, मग निघा.